मिस्टर चोईंनी अर्धी सोडलेली कटिंग

मिस्टर चोई माझं कानातलं यंत्र दोन्ही हातांनी घ्यायचे. केस कापायचं मशीन सुरू झालं की त्या यंत्रात शिट्ट्या वाजतात, म्हणून मी ते काढून ठेवतो. पुण्यातला आमचा न्हावी ते खुशाल कंगव्यांच्या डब्यात टाकायचा. चोई किंचित वाकून घ्यायचे, धुतलेल्या रुमालात गुंडाळायचे आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. काम संपलं की पुन्हा वाकून, दोन्ही हातांनी परत. माझ्या मुलाने मला पाण्याचा पेलासुद्धा कधी असा दिलेला नाही.

२०१४ साली मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे, निखिलकडे ऑकलंडला गेलो होतो. नातू व्हायचा होता. ओटाहुहू या उपनगराच्या मुख्य रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या डेअरीला लागून चोईंचं दुकान होतं. तिथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात; मी पहिल्या दिवशी दूध सुटं मिळेल का विचारून हसं करून घेतलं होतं. दुकानात खुर्च्या दोन, न्हावी एकच. साठीचा, शिडशिडीत, इस्त्रीच्या शर्टातला कोरियन माणूस. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं, म्हणून मला त्यांच्याशी बोलायला आवडायचं.

"हाफ कट, नो गो," हे त्यांचं ब्रीद. एकदा शेजारच्या दुकानात आगीची घंटा वाजली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. खुर्चीतला धिप्पाड सामोअन गडी तसाच घरी निघाला, तर चोईंनी त्याला फुटपाथवर उभं केलं, मला टॉवेल धरायला लावला आणि टाचा उंचावून कटिंग पुरी केली. "हाफ कट गो आऊट, माय नेम गो आऊट," असं मला बजावलं.

आरशाच्या वर त्यांच्या आईचा फोटो होता. मी माझ्या पाळीची वाट बघत विचारलं तेव्हा कात्री न थांबवता म्हणाले, "मदर. बुसान. फिनिश. ब्रदर टेल मी, वन मंथ आफ्टर. ब्रदर से, यू बिझी." मग जरा वेळाने, "आय नॉट बिझी. आय कट हेअर." मी त्यांना माझ्या आईबद्दल सांगितलं. एक्याण्णव वर्षांची, पुण्यात धाकट्या भावाकडे, सुधीरकडे असते. तेव्हापासून यंत्र खिशात ठेवण्याआधी ते दर वेळी विचारायचे, "मदर गुड?" आणि मी म्हणायचो, "गुड."

नातवाचं बारसं शनिवारी ठरलं होतं. गुरुवारी निखिल मला कटिंगला घेऊन गेला. चार दिवस आईशी बोलणं झालं नव्हतं. "काकाचं नेट गंडलंय" असं तो सांगत होता. चोईंनी विचारलं, "मदर गुड?" मी म्हणालो, "व्हेरी गुड." यंत्र खिशात गेलं, मशीन सुरू झालं.

उजवी बाजू झाली असेल. आरशात मागे बसलेल्या निखिलचे ओठ हलताना दिसले आणि माझ्या मानेवरचा हात थांबला. चोईंनी मशीन बंद केलं. रुमाल उलगडला, यंत्र दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि मी ते कानात नीट बसवेपर्यंत थांबले. मग वळून निखिलला म्हणाले, "यू टेल मी. नाऊ टेल फादर."

"फिनिश द कट फर्स्ट, मेट."

"नो. टेल."

"काही नाही हो बाबा, घरी गेल्यावर बोलू."

चोई जाऊन दारात उभे राहिले.

"बाबा, आजी गेली," निखिल म्हणाला. "मंगळवारी. अहो, सुतक आलं असतं, बारसं कॅन्सल करावं लागलं असतं. साठ जणांना बोलावलंय. हॉल बुक आहे. रविवारी सांगणारच होतो. शिवाय तुमचं बीपी." बीपी शेवटी आलं, हे माझ्या लक्षात आहे.

सुतकात माणूस केसांना कात्री लावत नाही. जे व्हायचं ते दहाव्याला. हे निखिलला ठाऊक होतं. तरी बारशाच्या फोटोत आजोबा बरे दिसावेत म्हणून तो मला इथे घेऊन आला होता. न्हाव्याने आईची चौकशी केली नसती आणि ती पुन्हा करू नये म्हणून निखिलने त्याला खरं सांगितलं नसतं, तर मी शनिवारी नवा झब्बा घालून पेढे वाटले असते.

मी उठलो. चोईंनी अंगावरचं कापड सोडलं, मानेवरचे केस झटकले आणि दार उघडून धरलं. "गो," ते म्हणाले. "हाफ कट, गो." मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विमानात बसलो. बारसं ठरल्याप्रमाणे झालं, फोटो छान आले म्हणे. पुण्यात सुधीरकडून कळलं, सोमवारी आईने तीनदा माझं नाव घेतलं होतं. तेही निखिलला लगेच कळवलेलं होतं. आईला अग्नी सुधीरने दिला. माझ्या वाट्याला दहावा आला. घाटावरच्या न्हाव्याने माझं डोकं पाहून विचारलं, "अर्धवट कुणी कापले हो?" मी म्हणालो, "शहाण्या माणसाने."

पुन्हा तिकडे गेलो नाही. दर रविवारी निखिलचा व्हिडिओ कॉल येतो. नातू माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देतो. फोन ठेवताना मी सांगायचो, "चोईंना माझा नमस्कार सांग." निखिल म्हणायचा, "सांगितला, बाबा. तेही विचारत होते." तीन वर्षं हे चाललं. मला तेवढंच बरं वाटायचं.

परवा मी म्हटलं, त्यांना एकदा फोनवर दाखव. निखिल गडबडला. मग म्हणाला, "बाबा, ते गेले."

"कधी?"

"झाले की आठ-नऊ महिने."

"मागच्या रविवारी तू त्यांना नमस्कार सांगितलास."

"अहो, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून."

मी यंत्र कानातून काढून रुमालात ठेवलं. निखिलचे ओठ बराच वेळ हलत होते.