न बघता लिहिलेलं ‘पाहिलं’

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांना बंदी आहे. सुप्रभात नाही, जोडलेले हात नाहीत, देवही नाहीत. रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येक घराने एकच शब्द लिहायचा, ‘पाहिलं’. म्हणजे उजवीकडच्या घरातल्या माणसाला आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, दोन शब्द बोलले. स्वतःबद्दल कुणी काही लिहायचं नाही.

हा नियम एका मरणातून आला. गल्लीच्या टोकाला कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक भाऊ एकटेच राहत. रोज सहाला ते गुलाबाचं चित्र टाकत. एका मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा सेहेचाळीसवर असताना, त्यांनी गुलाब टाकला, आम्ही सगळ्यांनी घरबसल्या हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात सापडले. गुलाब टाकल्यावर तासाभरातच कोसळले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणारी बाई ग्रुपची ॲडमिन होती. तिने त्याच आठवड्यात फुलं बंद केली.

माझ्या उजवीकडे आपा राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी वरोऱ्याला दिलेली, घरात शिलाई मशीन आणि ब्लाउजांचे ढीग. वीस वर्षं आमची भिंत एक होती, पण त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती या नियमामुळे. दोन शब्दांचे पुढे दोन कप झाले. माझे जुने ब्लाउज किती बेढब आहेत, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मला तोंडावर बोलणारी माणसं आवडतात, मीही त्यातलीच.

म्हणूनच आमचं वाजलंही. दोघींच्या मधल्या कडुलिंबाची फांदी त्यांनी मला न विचारता तोडून घेतली. पाला त्यांच्या पत्र्यावर साचायचा म्हणे. माझ्या स्वयंपाकघराची सावली गेली. मी बोलायचं ते बोलले, न बोलायचंही बोलले, आणि मग अबोला धरला.

अबोल्याच्या तिसऱ्या सकाळी मी अंगणातून मान उंच करून पाहिलं. त्यांचा कूलर सुरू होता, दारात चपला होत्या. आठ चाळीसला मी ‘पाहिलं’ लिहिलं आणि कुकर लावला. शाळेच्या कचेरीत मी सगळी नोकरी हजेरीपटावर काढली. एकाही पोराची खोटी हजेरी मी लावली नव्हती, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

साडेअकराला त्यांच्या मुलीचा फोन आला. गल्लीतली बाहेरगावी राहणारी मुलंही ग्रुपवर आहेत, ती फक्त वाचतात.

“मावशी, आई कवापासून फोन उचलून नाई राह्यली. तुमी सकाळी पाह्यलं ना, म्हून मी टेन्शन नाई घेतलं. आता वाटलं, विचारून घ्यावं.”

“पाहते,” मी म्हणाले. फोन ठेवून त्यांच्या दाराशी गेले.

दार आतून बंद होतं. हाका मारल्या. कूलर घरघरत होता. तो रात्रीपासूनच सुरू असणार, हे मला तेव्हा सुचलं. मागच्या बाजूने जायला दहा पावलं लागतात. ती दहा पावलं मला टाकवत नव्हती. वाटलं, परत फिरावं, दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं. मागे काय असेल ते मला पाहायचं नव्हतं. एवढी भ्याड मी कधीच नव्हते. शेवटी गेले.

त्या मोरीच्या दारात पडल्या होत्या. कमरेखालचं अंग उन्हात, डोकं आत. हाताशी रिकामी बादली. डोळे उघडे होते, आणि ते हलले.

मी ग्रुपवर नुसतं ‘या’ लिहिलं. दोन मिनिटांत अख्खी गल्ली त्या अंगणात होती. कुणी ओली चादर आणली, कुणी ऑटो. दवाखान्यात कळलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. पहाटे पडल्यापासून त्या बादलीतलं पाणी मगाने अंगावर घेत राहिल्या, म्हणून जगल्या; पण हे पुढे त्यांनी एकट्या मला सांगितलं.

संध्याकाळी ग्रुपवर माझं कौतुक सुरू झालं. ‘बाईंमुळे वाचल्या.’ मी माझ्या सकाळच्या शब्दावर बोट दाबून धरलं. पुसला असता तर ‘हा मेसेज हटवला आहे’ असं उरलं असतं, म्हणून पुसला नाही. लाज नंतर वाटली. त्या वेळी फक्त भीती होती, की त्या बोलायला लागल्या की सगळं सांगतील.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात भेटायला गेले. मुलगी चहा आणायला खाली गेली. आपांच्या हातात त्यांचा फोन होता.

“बाई, सच सांगा. आठ चाळीसले तुमी मले पाह्यलं म्हून लिवलं. मी त तवा मोरीत पडली होती. आवाज निघत नव्हता. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत होती.”

मी सांगितलं, “नाही पाहिलं, आपा. कूलर पाहिला. राग होता म्हणून आत आले नाही.”

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि दोघींची तोंडं पाहून म्हणाली, “काय झालं?”

मी उठायला लागले.

“काई नाई,” आपा म्हणाल्या. “बाई सकाळी भेटून गेली तवा मी चांगली होती, हेच सांगून राह्यली. मी मंग पडली.”

मुलीने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. मी तो सोडवून घेऊ शकले नाही.

ती नर्सला बोलवायला बाहेर गेली, तशा आपांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं थंडगार होती.

“तिले सांगू नका, बाई. कधीच नाई. तुमी रोज पाह्यता, या भरवशावर पोरगी मले माह्या घरी राहू देते. नाई त उद्याच मले घेऊन जाईन वरोऱ्याले. काऊन जाऊ मी? माही मशीन इथी हाय.”

माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. चार दिवस मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच आहे.