अप्पांनी पुढं केलेली सिगार

सिगार नीट कशी पेटवायची ते मला येतं. जळकोटात या विद्येचा काडीचाही उपयोग नाही आणि मी जन्मात कधी बिडीला हात लावला नाही. तरी येतं. धाकट्या भावानं शिकवलं, वडिलांसाठी.

आमच्या घरात ओढणारे दोघं. अप्पांची बिडी अंगणात, भावाची सिगारेट माळवदावर. भाऊ आखातात नोकरीला, चाळिशी ओलांडली, कानाजवळचे केस पिकले, पण अप्पांसमोर त्यानं कधी ओढली नाही. अप्पांना सगळं ठाऊक होतं. माळवदावर जायचं असलं की ते जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून मोठ्यानं खाकरायचे, वरच्याला विझवायला वेळ मिळावा म्हणून. मग वर जाऊन दोघं पावसापाण्याचं बोलायचे आणि धूर तिथंच घुटमळत असायचा. याला आमच्याकडं मान ठेवणं म्हणतात. मला तो पोरखेळ वाटायचा.

मागच्या वर्षी अप्पा एकदा मला म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, एकदा माझ्यासंगं बसून ओढ म्हणावं. लई झालं हे लपायचं." मी फोनवर सांगितलं. तो हसला, बघू म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई आधीच गेलेली, त्यामुळं मी धाराशिवहून रजा टाकून आले ती राहिलेच. औषधं, चादरी, पेज, हातापायाला तेल. शेजारणी विचारायच्या, कसं वाटतंय गं, आणि मला खरोखर काहीच वाटत नसायचं. दिवस उजाडायचा आणि मावळायचा. त्यांना वाटायचं, बाई मोठी धीराची. धीर कसला, मी आतून बधिर झाले होते.

भाऊ सुट्टी काढून आला तेव्हा त्याच्या सामानात दोन सिगारी होत्या. डॉक्टरांनी अप्पांची बिडी बंद केलेली. एकीनं काय होतंय, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. "पण तूच दे अक्का," तो म्हणाला. "पेटवून दे. मी कसं देऊ?"

त्यातली एक त्यानं मला शिकवण्यात घालवली. बंद टोक थोडंच कापायचं, जास्त कापलं तर वर गुंडाळलेलं पान सुटतं. काडी ओढली की लगेच जवळ न्यायची नाही, आधी गुलाचा वास जाऊ द्यायचा. ज्योत टेकवायची नाही. नुसती आच द्यायची आणि वांगं भाजताना फिरवतो तशी सिगार फिरवत राहायची. कड सगळीकडून काळी झाली की मग तोंडात धरून हळू ओढायची. धूर छातीत न्यायचा नाही. शेवटी टोकावर फुंकर घालून बघायचं, निखारा सगळीकडं सारखा आहे का. एका अंगानं पेटली तर ती तशीच वाकडी जळत जाते. मला ठसका लागला, डोळे भरून आले. तो एरवी माझ्यावर हसण्याची संधी सोडत नाही, त्या दिवशी हसला नाही. पुन्हा कर म्हणाला.

दुपारी अप्पांना उशा लावून बसवलं. भाऊ दारात उभा राहिला, आत यावं की बाहेर जावं ते ठरत नसल्यासारखा. मी काहीही घाई न करता सिगार पेटवली. कड सारखी लाल झाली. ती अप्पांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी बिडीसारखा दम मारला आणि खोकले. दुसरा झुरका बेतानं घेतला. मग तो हात त्यांनी लांब केला, भावाकडं.

"घे," अप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी एक शब्द स्वच्छ आला.

भाऊ उंबऱ्याच्या मागं सरला. खाली बघत म्हणाला, "न्हाय अप्पा. मी ओढत न्हाय."

हात बराच वेळ तसाच राहिला. राख गादीवर पडली तेव्हा मी सिगार काढून घेतली. भाऊ अंगणात निघून गेला. मला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. मी चादर झटकली आणि खिडकी उघडली.

सुट्टी संपली तशी मी त्याला विमानासाठी हैदराबादच्या गाडीत बसवायला हायवेपर्यंत गेले. गाडी लांब दिसली तेव्हा तो बोलला. "बापासमोर कसं ओढणार होतो, अक्का? मान ठेवला की मी." मी व्हय म्हणाले.

घरी आले तर अप्पा जागेच होते. गेला का, असं त्यांनी मानेनं विचारलं. मी गेला म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून वर म्हणाले, "तुम्हाला लई मानतो हो तो."

अप्पांनी एकेक शब्द जुळवायला वेळ घेतला. "मानत न्हाय, बाई. भितो." मग ते आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. "म्याच शिकवलं भ्यायला. ह्या हातानं."

चोळायची वेळ झाली होती. मी तेलाची वाटी घेतली आणि तोच हात मांडीवर घेऊन बसले.