खंडेनवमीची सपोर्ट फाइल

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते सांगायला नको. आमच्या घरात हा कायमचा थट्टेचा विषय आहे. दादा म्हणतो, हिला घाबरायला कारण लागत नाही, मोकळा वेळ मिळाला की पुरे. आई म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझं म्हणणं एवढंच, की डोंबिवलीच्या एमआयडीसीला लागून ज्याचं घर आहे त्याने घाबरू नये तर काय करावं? आमच्या बिल्डिंगमध्ये नुसत्या वासावरून कुठल्या बाजूच्या कंपनीने काय सोडलंय ते सांगणारी माणसं आहेत. सांगून झालं की ती खिडक्या लावतात आणि जेवायला बसतात. मला तसं कधी जमलं नाही.

दादा त्याच एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याची कंपनी सॉल्व्हंट बनवते. रंगांत, औषधांत वापरतात ती पातळ द्रव्यं, झाकण उघडं राहिलं की हवेत उडून जाणारी आणि एका ठिणगीची वाट बघत बसलेली. म्हणून आत काडेपेटी नाही, लायटर नाही, मोबाइलसुद्धा नाही. तो गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं. माझं ऑफिस मात्र ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या उंच इमारतीत. आम्ही निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर लांबून सांभाळतो, आणि त्यात दादाची कंपनीही माझ्याच वाट्याला आलेली आहे. त्यांच्या प्लांटमध्ये जागोजागी हवेतला गॅस हुंगणारे सेन्सर बसवलेत. त्यांचे आकडे प्लांटमधल्याच तीन सर्व्हरकडे जातात आणि तिथून माझ्या स्क्रीनवर येतात. आकडा हिरवा असला की हवा ठीक, लाल झाला की सगळ्यांनी बाहेर. म्हणजे दिवसभर मी दादाच्या नाकासमोरची हवा बघत बसलेली असते, आणि पगारही त्याचाच घेते.

हे तीन सर्व्हर एकमेकांना धरून चालतात. एक आजारी पडला तर उरलेले दोघं गाडा ओढतात. पण दोघं बसले, तर तिसरा एकटा नवीन काहीही लिहून घेत नाही. एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा नियमच आहे. नियम चांगला आहे, माणसांतही असायला हरकत नव्हती.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी आत जाण्यापूर्वी त्या कंपनीच्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरने गेटवरून मला फोन केला. "मॅडम, आज आपल्या तिघांतला एक बंद ठेवतोय. पूजेला."

"सर्व्हर? पूजेला?"

"मग? आज रिॲक्टर बंद, पंप बंद, वजनकाटापण बंद. हत्यार पुजलं की त्या दिवशी चालवायचं नाही. तुमच्या सर्व्हरांनीच तेवढं काय घोडं मारलंय? तिघांना बसवता येत नाही, म्हणून तिघांच्या वतीने एकाला हार घालतो. दोन पुरतात, तुमच्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं."

आमचं ज्ञान त्याने नीट ध्यानात ठेवलं होतं आणि झेंडूच्या हारात ओवलं होतं. मी चिडून फोन ठेवला. चिडायला आणखी एक कारण होतं. कधीतरी धुपाच्या धुराने त्यांच्याकडचे भोंगे ऐन आरतीत केकाटले होते आणि मालकांसमोर सगळ्यांची शोभा झाली होती. तेव्हापासून पूजेपुरते भोंगे बंद ठेवायची पद्धतच पडली. हे मला दादाने हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे आज गॅस सुटलाच तर ओरडणारं तिथे कुणी नव्हतं, नुसती माझी स्क्रीन होती.

थोड्या वेळाने उरलेल्या दोघांतला एक कुरकुरायला लागला. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उशिरा, कधी नाहीच. ज्यांचं हे सॉफ्टवेअर त्यांच्या बंगळुरूच्या सपोर्टला मी कळवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. डॉक्टर जसा आधी रिपोर्ट आणा म्हणतो, तसं ते म्हणतात, आधी सपोर्ट फाइल पाठवा.

ही फाइल मागवायला कुठे जावं लागत नाही. एपीआय म्हणजे सर्व्हरशी बोलायची मागची खिडकी. त्या खिडकीतून एका सर्व्हरला निरोप द्यायचा, की फाइल तयार कर. तो 'ऐकलं' म्हणतो आणि एक टोकन देतो. मग तो बाकीच्यांना विचारतो, ज्याच्या त्याच्या पोटात काय चाललंय ते गोळा करतो आणि सगळ्याचं एक गाठोडं बांधतो. आपण मधूनमधून टोकन दाखवून विचारत राहायचं, झालं का? एरवी चहा पिऊन येईपर्यंत होतं. त्या दिवशी होईना. मी विचारायची, उत्तर यायचं, चालू आहे. पुन्हा विचारलं, चालू आहे. शेजारच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवेगार होते, आणि मी स्वतःला समजावत होते की पूजेच्या दिवशी प्लांट बंद असतो, आज व्हायचंय काय.

शेवटी गाठोडं आलं. उघडलं तर आत तीन फोल्डर. पहिला रिकामा, तो हार घालून बसलेल्याचा. दुसराही रिकामा. म्हणजे कुरकुरणारा कधीचाच गेला होता. तिसऱ्यात नोंदी होत्या आणि त्या खालपर्यंत एकसारख्या होत्या: सोबत कुणी नाही, आकडे घेता येत नाहीत. सोबत कुणी नाही, आकडे घेता येत नाहीत. सेन्सरकडून घेतलेला शेवटचा आकडा सकाळचा होता. इंजिनीअरचा फोन येऊन गेल्यानंतर थोड्याच वेळाचा.

मी मान वळवून हिरव्या स्क्रीनकडे पाहिलं. हलतच नव्हती ती. सकाळची हवा मला दुपारपर्यंत दाखवत बसली होती, आणि मीही ती बघत बसले होते.

लहानपणापासून मी कशालाही घाबरत आले, पण ही भीती वेगळी होती. कारण त्यांच्या पूजेची वेळ मला माहीत होती. मालक आले की आरती. पूजा मांडतात ती गेटच्या आतल्या अंगणात, सॉल्व्हंटचे ड्रम ठेवायच्या शेडला लागून, तिथे सावली असते म्हणून. वर्षभर जिथे मोबाइल चालत नाही तिथे त्या एका दिवशी कापूर चालतो. सेन्सर बघताहेत ना, मग एवढ्याने काय होतंय, असा हिशेब. आणि आरतीचं तबक धरायचा मान शिफ्ट सुपरवायझरचा, म्हणजे दादाचा.

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. इंजिनीअरला लावला, वाजत राहिला. दोन्ही फोन शेजारशेजारच्या लॉकरमध्ये अंधारात वाजत असणार, आणि मला ते माहीत असूनही मी लावत राहिले. आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आधी खात्री कर. गॅस सुटलाय असं कुठे दिसतंय?"

"दिसतच नाहीये सर. तेच तर सांगतेय."

"मग मालकांसमोर पूजा थांबवायची? काहीच नसलं तर?"

काहीच नसलं तर मी जन्मभर हसं करून घ्यायला तयार होते. सवयच आहे. मी गेटच्या केबिनचा लँडलाइन शोधून लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा वॉचमनने उचलला. हा माणूस जवळच्या मोहने गावचा, वयाने मोठा, मी दादाचा डबा द्यायला गेले की ओळख दाखवणारा.

"मी सुपरवायझर साहेबांची बहीण बोलतेय, ठाण्याच्या ऑफिसमधून. आरती झाली का?"

"नाय ताई. मालक आत्ताच आले. आता पेटवतीलच."

"पेटवू देऊ नका. सेन्सर बंद पडलेत. हवेत काय आहे ते कुणालाच दिसत नाहीये. काका, धावत जा, दादाला सांगा, काहीही पेटवू नको."

मला वाटलं, आता हा कारणं विचारणार, कुणाची परवानगी म्हणणार. तो म्हणाला, "फोन चालू ठेवा," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग मी ऐकत बसले. केबिनमधला पंखा फिरत होता. लांब कुणीतरी काहीतरी बोललं, बरीच माणसं हसली. आणि घंटा वाजायला लागली, पूजेतली हातात धरायची ती. एकसारखी वाजत होती. ऑफिसमध्ये माझ्या आजूबाजूला लोक डबे उघडत होते, कुणाच्या तरी डब्यात नवरात्राची साबुदाण्याची खिचडी होती, आणि माझ्या कानात ती घंटा. मी देवाला काही म्हटलं का, आठवत नाही. एवढं आठवतं, की घंटा चालू आहे तोवर ठीक आहे, असं मी मनात धरून ठेवलं होतं.

घंटा मध्येच थांबली.

नंतर नुसता पंखा. मी वाट बघत होते, आणि कशाची बघत होते ते मला नीट कळत होतं. डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही कळेल. आधी आवाज येतो, मग काचा जातात. आई त्या वेळी घरात, खिडकीशी बसून भाजी निवडत असणार. पंखा फिरतच राहिला. पुष्कळ वेळाने पावलं वाजली आणि धाप लागलेल्या आवाजात वॉचमन म्हणाला, "थांबवलं ताई. मालक वैतागलेत. पण साहेबांनी थांबवलं."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

इंजिनीअरने हार काढून तो सर्व्हर चालू केला. एकाला जोडीदार मिळाला आणि दोघं कामाला लागले. सेन्सरच्या डबीत त्याची स्वतःची थोडी साठवण असते. अडकून राहिलेले सकाळपासूनचे आकडे आता एकामागून एक माझ्या स्क्रीनवर यायला लागले. बाकी सगळे हिरवे. ड्रमच्या शेडचा आधी पिवळा झाला, मग लाल, आणि आरतीच्या वेळेपर्यंत लालच होता, चढता. तिथल्या एका ड्रमचं झाकण नीट बसलं नव्हतं. मी लाल पाहिलं आणि पुन्हा लँडलाइन लावला. या वेळी माझ्याशी कुणी वाद घातला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, मालकांनाही.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दादा माझ्या आधी आलेला होता. आईने विचारलं, पूजा झाली का व्यवस्थित? तो म्हणाला, झाली. मला वाटलं, आता थट्टा सुरू होईल, आज तरी हिची भीती कामाला आली वगैरे. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तो बाल्कनीत गेला आणि मला खुणेने बोलावलं. दार ओढून घेतलं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"वॉचमन आला ना," तो म्हणाला, "त्याच्या आधी मी एक काडी ओढली होती."

दार नीट लागलंय का, ते मी पुन्हा बघितलं.

"पेटली नाही. ती पेटी वर्षभर गेटच्या केबिनमध्येच असते ना, आत न्यायला बंदी. अख्खा पावसाळा तिथे पडून सादळलेली. गुल नुसता घासला गेला. मालक बघत होते, मला लाज वाटली, म्हणून घाईघाईने दुसरी काढली. ती हातात होती, तेवढ्यात तो ओरडत आला."

"म्हणजे तीही सादळलेलीच असणार, दादा," मी म्हटलं. मला तसंच असायला हवं होतं.

त्याने नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे होतं.

"ती मी पेटीसकट खिशात टाकली होती," तो म्हणाला. "सुटल्यावर बाहेर लांब रस्त्यावर आलो आणि ओढून बघितली. लगेच पेटली गं."