बोट येईपर्यंत ठेवलेली नीरा

नीरा प्यायची एक वेळ असते. जे ती फक्त शहरातल्या टपरीवर बर्फ घालून प्यायले त्यांना हे कळायचं नाही. संध्याकाळी शिंदीच्या झाडावर चढून आतून चुना फासलेलं मडकं बांधायचं, उजाडायच्या आत उतरवायचं आणि ऊन तापायच्या आत विकून मोकळं व्हायचं. ऊन तापलं की तीच नीरा आंबते, फेसाळते, आणि मग तिला शिंदी म्हणतात. नीरा पाजली तर पुण्य, शिंदी पाजली तर गुन्हा. झाड तेच, मडकं तेच, माणूसही तोच.

माझे सासरे याबाबतीत फार कडक. अनवाणी पायाला माती गरम लागली की उरलेली नीरा ओतून द्यायची, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक ग्लास पुढं करून उभं असलं तरी ते ओतायचे. "उद्या लवकर ये की," एवढंच म्हणायचे. गाव त्यांना येडा म्हणायचं.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं लग्न नवीन होतं आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात सोलापूरची गिरणी घुसली होती. मला ते जायला नको होते. आमच्याकडची गिरणीत गेलेली माणसं सणापुरती घरी यायची आणि त्यांच्या बायका उरलेलं वर्ष सासूची बोलणी खात काढायच्या. मला तसलं जिणं नको होतं. हे म्हणायचे, "रस्त्यावर नीरेचं दुकान टाकायला परवाना मिळाला तर ऱ्हातो. न्हाय मिळाला तर जातो." म्हणून माझा जीव त्या परवान्यात अडकला.

त्याच हिवाळ्यात कालव्याचा सोहळा निघाला. कालवा खोदून किती वर्षं झाली त्याचा हा उत्सव, म्हणून सजवलेली बोट कालव्यातून गावोगाव न्यायची, असं सोहळ्याच्या समितीनं ठरवलं. कालव्यात बोट! पण मोठ्या माणसांच्या मनात आलं की ते होतंच. बोटीला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आत सरकारी साहेबांसाठी गाद्या-तक्के. जिथं कालवा एकदम खाली उतरतो तिथं बोट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायची, साहेब जीपमध्ये बसायचे, आणि पुढं पुन्हा बोट पाण्यात, साहेब बोटीत. लोक काठाकाठानं पळत टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या.

समितीचा चेअरमन आमच्या दारात आला. सासऱ्यांना म्हणाला, "मुक्कामाच्या गावी पाव्हण्यांना पहाटंची ताजी नीरा पाजायची. बाकीच्या लोकांना तुमी इका. सायेब खूश झालं की परवाना तुमच्या हातात." हे लगेच व्हय म्हणाले. सासऱ्यांनी कोपऱ्यातला दोर तपासायला घेतला.

पहिल्या दोन गावी सगळं झकास झालं. हे आणि सासरे अंधारात मडकी उतरवायचे, सायकलला कॅन बांधून आम्ही मुक्काम गाठायचो. थंडीत कुडकुडत साहेब लोक दोन-दोन ग्लास प्यायचे. हौशे-नवशे रांग लावायचे. मी ग्लास विसळायची आणि मनातल्या मनात दुकानाची जागा ठरवायची. बाभळीच्या सावलीत मांडावं की एसटी थांबते तिथं? ह्यांनी मला विचारलं, "पाटीला रंग कंचा द्यायचा?" मी म्हटलं हिरवा. त्यांनी निळा सांगितला आणि वर माझी चेष्टा केली. इतके खुशीत मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिसरं गाव बाजाराचं. तिथं बोट उजाडताना यायची होती. आली नाही. मधे कुठं ट्रॉलीचं चाक चिखलात रुतलं म्हणे. मांडव तयार, ताशेवाले तयार, आणि आम्ही कॅन घेऊन उभे. ऊन वर आलं. सासऱ्यांनी पायातली वहाण काढून मातीवर पाय ठेवला आणि कॅनला हात घातला.

चेअरमननं झाकणावर हात ठेवला. "थेंब वतायचा न्हाय. सायेब आल्यावर काय पाणी पाजू? वतलंस तर परवाना इसर."

सासरे म्हणाले, "आता ही नीरा न्हाय."

"ते मी बघतो की."

हे आपल्या बापाच्या आणि चेअरमनच्या मधे उभे होते. मी ह्यांच्याकडं बघत होते. शेवटी हे म्हणाले, "आबा, ऱ्हाऊ द्या." सासऱ्यांनी कॅन सोडला आणि लांब जाऊन पाठमोरे बसले.

बोट दुपारी आली. नीरा तोवर मस्त फेसाळली होती. पहिल्या घोटाला साहेब थबकले, एकमेकांकडं बघून हसले आणि पुन्हा ग्लास पुढं केले. काय पितोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, उगाच कुणी भाबडेपणाचा आव आणू नये. भाषणं रंगली, आणि पुन्हा बोटीत चढताना त्यातला सगळ्यात जाड पाहुणा फळीवरून घसरून धाडकन कालव्यात पडला. काठावर अख्खा बाजार. क्षणभर कुणी हललं नाही. मग आमच्या ह्यांनी कपड्यांसकट उडी मारली आणि त्याला केसाला धरून काढलं.

एवढ्या लोकांदेखत साहेब पडला म्हटल्यावर कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं. चेअरमन मोठ्यांदा म्हणाला, "आमी नीरा सांगितली होती, ह्यांनी शिंदी पाजली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलायला पुढं झाले तर बायकांनीच मला मागं ओढलं. पोलीस आले, शिंदी पाजल्याचा पंचनामा ह्यांच्या नावानं झाला. ज्यांनी ग्लासवर ग्लास रिचवले होते त्यांच्यातलेच पंच झाले. हे ओल्या अंगानं थरथरत अंगठा द्यायला उभे राहिले, आणि ज्याला वाचवलं तो गृहस्थ जीपमध्ये टॉवेल गुंडाळून बसला होता. त्यानं काच वर केली.

परवाना चेअरमनच्या मेव्हण्याला मिळाला. कालव्याकाठची झाडं सरकारी, ती परवान्याबरोबर त्याच्याकडं गेली. त्या मेव्हण्याला शिडीवरसुद्धा चढता येत नव्हतं. तो आमच्या दारात माणूस मागायला आला. सासरे आतून बाहेर आले नाहीत. हे आले. तारखेला कोर्टात जावं लागणाऱ्या माणसाला गिरणी कुठली उभी करतेय! ह्यांनी कमरेला दोर बांधला आणि आमच्याच झाडांवर रोजानं चढायला लागले.

म्हणजे ते सोलापूरला गेले नाहीत. मी देवाकडं दुसरं काही मागितलंच नव्हतं. ते माझ्याशेजारी झोपायचे, भिंतीकडं तोंड करून. बोलणं जेवायला वाढण्यापुरतं. पुढं मुलं झाली, तरी त्यांच्या तोंडून चेष्टा म्हणून ऐकली नाही.

एकदाच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी आबांना वतू दिलं असतं तर काय झालं असतं गं?"

मी म्हटलं, "काय म्हाईत." खरं तर मला चांगलं माहीत होतं. परवाना गेला असता, तुम्ही गिरणीत गेला असता, मी सासूची बोलणी खाल्ली असती आणि दिवाळीला तुम्ही हसत घरी आला असता.