हडपसरला एक स्टॉपर घेऊन

रविवार, ८ डिसेंबर. सकाळी मेथीच्या जुड्या निवडत बसले होते. माझी भाची ऋतुजा समोर येऊन उभी राहिली. या मुलीला काही हवं असलं की ती उभी राहते. काय हवंय ते आपण ओळखायचं. एक जुडी संपली तरी ती तिथेच.

"काय?" मी विचारलं.

"हडपसरला मॅच आहे. टीमची गाडी चुकेल असं वाटतंय."

"चुकेल, की चुकली?"

"चुकली."

आमच्या सोसायटीतली माणसं मुलांकडे अमेरिकेला जातात आणि परत येऊन वार्षिक अंकात प्रवासवर्णन लिहितात. वारज्याहून हडपसरला जाऊन आलेल्याचं कोणी अजून लिहिलेलं नाही. वास्तविक त्याला जास्त धीर लागतो.

ऋतुजा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. म्हणजे होती. बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबकडून दोन हंगाम खेळली, मग क्लबने मुलींचा संघच बंद केला. ती स्टॉपर (बचावफळीत मधोमध उभी राहून समोरच्यांना अडवणारी) आहे. हे करिअर मोठं गमतीचं. अडवलं तर नाव छापून येत नाही, नाही अडवलं तर लगेच येतं. गेले तीन महिने ती माझ्याकडे राहून इथल्या एका संघाबरोबर खेळत होती. शेवटी मीच ओळखीतून हिंजवडीच्या एका कंपनीत तिला रिसेप्शनवर नोकरी लावून दिली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि रविवारच्या या मॅचला बंगळूरच्या एका क्लबच्या प्रशिक्षक मॅडम येणार होत्या, बचावासाठी मुलगी शोधायला. त्यांनी घेतलं तर फुटबॉल, नाहीतर "गुड मॉर्निंग सर". इतकं साधं.

मेथी तशीच ठेवली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला, स्कूटर काढली. कर्वेनगर, स्वारगेट, फातिमानगर. निसर्गसौंदर्याचं वर्णन करायला हवं म्हणून सांगते: उजव्या हाताला उड्डाणपूल, डाव्या हाताला खोदकाम, समोर एका टेम्पोची पाठ. त्या पाठीवरचा मजकूर मला पाठ झाला.

मोबाईलमधल्या बाईने आम्हाला अगदी आत्मविश्वासाने एका क्रिकेटच्या मैदानावर नेऊन सोडलं. तिथे एक गृहस्थ चुन्याने रेघ मारत होते.

"फुटबॉल? पोरींचा? त्यो तिकडं हाय, कॅनॉलच्या पल्याड (पलीकडे)." त्यांनी ऋतुजाच्या बॅगेकडे पाहिलं. "ही जिंकवनार व्हय?"

"नाही. हरू नये म्हणून हिला ठेवलंय."

"मंजी वॉचमन."

एवढी नेमकी व्याख्या तिच्या कोणत्याच प्रशिक्षकाने केली नसेल.

मैदान सापडलं. गवत होतं, पण आग्रह नव्हता. पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं, त्यांतली निम्मी सावलीसाठी आलेली. मी मटकी भेळ (मोडाच्या मटकीवर फरसाण, कांदा) घेऊन बसले. वरच्या पायरीवर बंगळूरच्या मॅडम, मांडीवर बॅग. शेजारी टोपी घातलेले एक आजोबा. त्यांना फुटबॉल सोडून सगळ्यावर मत होतं.

पूर्वार्ध संपत आला होता. समोरच्या संघातल्या मुलीने लांबून उंच बॉल मारला. तो पडला बरोबर ऋतुजा आणि आमची गोलकीपर यांच्या मधोमध. गोलकीपर म्हणजे वंदनाताई. वयाने संघात सर्वांत मोठ्या, आणि शाळेत ऋतुजाला बॉल मारायला शिकवणाऱ्याही त्याच. ऋतुजा थांबली, ताई घेतील म्हणून. ताई थांबल्या, ही ओरडेल म्हणून. हॉटेलात बिलापाशी दोन सभ्य माणसं थबकतात, तशा दोघी थबकल्या. तेवढ्यात समोरची मुलगी आली आणि तिने बॉल जाळ्यात टाकला. तिला बहुधा कोणी वळण लावलेलं नसावं.

बंगळूरच्या मॅडमनी बॅग खांद्याला लावली. भेळ कडू लागली, कांद्यामुळे असेल.

मध्यंतरात मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेले. वंदनाताई ऋतुजाला झापत होत्या.

"ओरडली का नाहीस?"

"तुम्ही होतात ना, ताई."

"मी काय तुझ्या लग्नाला आलेय, मानपान करायला? आत ताई-बिई कोणी नाही. नावाने हाक मार, गाढव म्हण, पण ओरड! बॉल तुला आधी दिसतो, माझ्यासमोर सगळ्यांच्या पाठी असतात."

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. याहून जास्त मदत माझ्याकडे नव्हती.

उत्तरार्धात पुन्हा तसाच बॉल आला.

"माझा! वंदना, मागे हो!"

हा आवाज आमच्या घरात तीन महिने राहत होता आणि मला माहीत नव्हतं. बॉल डोक्याने उडवून तिने पार बाहेर काढला. त्यानंतर ती थांबलीच नाही. हिला वर ढकल, तिला आत ओढ, "अगं झोपलीस का?" अशी सगळ्यांची हजेरी.

आजोबा अस्वस्थ झाले. "वडीलधाऱ्यांशी बोलायची ही काय पद्धत?"

"बॉल अडला ना?"

"अडला, पण..."

"मग बरोबर आहे पद्धत."

मॅच आम्ही एका गोलने हरलो. मॅडम मात्र थांबल्या होत्या. हिंदीत म्हणाल्या, "मैं तो निकल रही थी. फिर आपने चिल्लाना शुरू किया." पुढचं थोडक्यात: बुधवारपासून दोन आठवडे बंगळूरला चाचणीसाठी यायचं. जमलं तर करार, नाहीतर परत. खात्री कसलीच नाही. आणि खात्रीची नोकरी उद्या सकाळी.

परतीच्या वाटेवर स्वारगेटच्या सिग्नलला मागून बारीक आवाज आला. "आत्या, तू म्हणशील तसं करते."

मी स्कूटर बंद केली. मागचे हॉर्न वाजवू लागले. पुण्यात हॉर्नचं लाल दिव्यामुळे अडत नाही. "मला विचारायचं नाही. तुला काय हवंय ते सांग. हिरवा लागेपर्यंत वेळ आहे."

"मला जायचंय!" शेजारचा रिक्षावाला दचकला. "नोकरी नकोय मला. तिकडे नाही जमलं तर नाही जमलं!"

"बरं," मी म्हटलं आणि किक मारली.

घरी पोचलो तेव्हा मेथी सुकली होती. प्रवासाने माणूस समृद्ध होतो असं म्हणतात. मला एवढंच कळलं, की आपण मुलींना हळू बोलायला शिकवतो आणि मग त्यांचं कोणी ऐकत नाही म्हणून ओळखीने नोकरी लावून देतो.

सोमवारी सकाळी कंपनीतल्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, ती येणार नाही, जागा दुसऱ्या कोणाला दे. "अशी संधी परत येत नाही हं," ती म्हणाली. मी म्हटलं, "नको येऊ दे." मग दादाला, म्हणजे ऋतुजाच्या वडिलांना, लावला. तो संतापला. "दे तिला फोन," म्हणाला.

"ती पळायला गेलीय," मी सांगितलं. "आली की बोलेल. फोन कानापासून जरा लांब धर."