त्रैक्य, थ्री फेज आणि आमचे हे

आळेफाट्याला आमचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरायचं, दुकान आहे. तिथे जळक्या तारेची भेंडोळी कोपऱ्यात साचत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण फेकतही नाही. किश्शांचंही तसंच झालंय. दर बुधवारी एकाची भर पडते, कारण बुधवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्याच दुकानात आमचा बायबलचा वर्ग भरतो. चार घरची माणसं, जुन्नरच्या चर्चमधून येणारे पाळकसाहेब आणि आमचे हे. बाकीचे सगळे ऐकतात. हे ऐकत नाहीत, तिथेच सगळा घोटाळा आहे!

* * *

सुरुवात झाली ती यांच्या पायाच्या प्लास्टरपासून. हे स्कूटरवरून पडले आणि घरी बसले. टीव्ही बिघडलेला. दुनियेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा टीव्ही बिघडलेलाच असायचा! मग यांनी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, हातात घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

प्लास्टर निघाल्यावर वर्गात पाळकसाहेबांनी कौतुकाने विचारलं, "मग काका, काय काय सापडलं?"

"सापडलं लई," हे म्हणाले. "पर त्रैक्य कुठं सापडलं न्हाई!"

मी चहा गाळत होते. गाळणीच चहात पडली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, तरी देव एकच, याला आम्ही त्रैक्य म्हणतो. जन्मापासून मातीपर्यंत आमचं सगळं त्याच नावाने होतं. ते शास्त्रात नाही म्हणणं म्हणजे भर वर्गात बॉम्ब टाकणं.

पाळकसाहेब वयाने आमच्या लेकीएवढे, रूथएवढे, नुकते शिकून आलेले. त्यांचा चेहरा उतरला. "शब्द नाही काका, पण अर्थ आहे."

"मग अर्थ दावा की. मी बसलोय हितंच."

* * *

आणि नेमका त्याच आठवड्यात रूथच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला, तारीख दीड महिन्यानंतरची. आमच्या घरात बाळाला पाण्यापाशी आजोबाच धरतात. रूथला माझ्या सासऱ्यांनी धरलं होतं. हे तर नातू झाल्यापासून उशी घेऊन सराव करत होते!

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "बाळ धरणाऱ्याने चर्चच्या मंडळीसमोर विश्वास कबूल करायचा असतो. काका, तुम्ही मानत नसाल तर मी बाळ तुमच्या हातात देऊ शकणार नाही."

हे हातातला पान्हा पुसत बसले.

* * *

पाळकसाहेब मात्र मनाने फार चांगले. पुढच्या बुधवारी दाखला तयार करूनच आले. "काका, तुमच्याच धंद्यातलं सांगतो. थ्री फेज! फेज तीन, वीज एकच. पटलं?"

वर्गाने माना डोलावल्या. मलाही हायसं वाटलं.

हे म्हणाले, "पाळकसाहेब, तीनातली एक फेज गेली की मोटार जळती. ह्यो समदा ढीग त्येचाच हाय. तुमच्या तिघांतली कंची फेज जाती?"

पाळकसाहेबांनी ढिगाकडे पाहिलं आणि प्रार्थना करून वर्ग लवकर सोडला.

* * *

नंतर पाणी, बर्फ आणि वाफ आले. पदार्थ एक, रूपं तीन.

"न्हाई जमत," हे लगेच म्हणाले. "यार्देन नदीच्या काठी येशूचा बाप्तिस्मा बघा. पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरावानी उतरतोय, वरनं पित्याचा आवाज येतोय. तिघं एकाच टायमाला! तुमचं पाणी एकाच टायमाला बर्फ आन् वाफ कसं व्हईल?"

पाळकसाहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तिघे तिथे होते, हे तुम्हाला शास्त्रात सापडलं!"

यांनी ते पान पुन्हा उघडून बोटाने ओळ न् ओळ तपासली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना स्वतःचंच बोलणं तपासताना मी पहिल्यांदाच पाहिलं!

* * *

एकदा वर्ग रंगात असताना शिनोलीचे एक शेतकरी भाऊ दुरुस्तीची मोटार घ्यायला आले. शटरखालून वाकून आत आले आणि ऐकत उभे राहिले. शेवटी राहवलं नाही.

"आवो पावणं, तिघं मिळून येक म्हंजी आपला दत्तच की!"

पाळकसाहेबांना दरदरून घाम फुटला. दत्त वेगळा आणि त्रैक्य वेगळं, हे त्यांनी भाऊंना अगदी मुळापासून समजावलं. भाऊंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बरं, दत्त न्हाई तर न्हाई. पर आमी दत्ताला कदी इचारलं न्हाई, तुमी नक्की किती जण म्हणून. मोटार झाली का माजी?"

* * *

पुढे आवाज चढायला लागले. येशू म्हणतो पिता माझ्याहून थोर, ते पान हे उघडत. मी आणि पिता एक आहोत असंही तोच म्हणतो, ते पान पाळकसाहेब उघडत. दोन्ही पानं एकाच योहानाच्या शुभवर्तमानातली आणि शास्त्र माझं! ओढाओढीत पान टर्रकन फाटलं. माझ्या आईने दिलेलं शास्त्र होतं हो ते. मी रडायलाच लागले.

आरडाओरडा ऐकून शेजारचे पाईप-फिटिंगवाले शेठ धावत आले. शेठ जैन आहेत, पण आमच्या नाताळचा केक आमच्याआधी कापतात. त्यांनी काय झालं ते विचारून घेतलं.

"मला एवढंच सांगा," शेठ म्हणाले. "त्या तिघांचं आपसात पटतं का?"

"पूर्ण पटतं!" हे आणि पाळकसाहेब एका दमात म्हणाले.

"मग तुम्हा दोघांचंच का पटत नाय, राव?"

दोघांनी गुपचूप बसून माझ्या पानाला सेलोटेप लावली. एकाने पान धरलं, दुसऱ्याने चिकटवलं.

* * *

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. रूथ फोनवर हुंदके देत होती. मी यांच्यावर ओरडले, "अहो, एक 'होय' म्हणायला काय जातं तुमचं? लोक नाही का म्हणत?"

हे नातवासाठी आणलेलं झबलं घडी करून पिशवीत ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, "खोटं होय म्हणून लेकराला देवाम्होरं धरू का?"

मी आयुष्यभर ते 'होय' म्हणत आले होते, आणि त्याचा अर्थ काय हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

* * *

रविवारी जुन्नरला चर्च भरलेलं. रूथ बाळाला घेऊन पुढे गेली आणि तिने बाळ सरळ यांच्या हातात दिलं! कोणाला विचारलं नाही, कोणाकडे बघितलं नाही. पाळकसाहेबांनी एकदा पाहिलं आणि उपासनेचं पुस्तक उघडलं.

"देव पित्यावर विश्वास ठेवता?"

"ठेवतो."

"पुत्रावर?"

"ठेवतो."

"पवित्र आत्म्यावर?"

"ठेवतो." आवाज खणखणीत. मला वाटलं, सुटलो!

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "काका, आता माझा प्रश्न. हे तिघे मिळून एकच देव. मानता?"

यांनी बाळाकडे पाहिलं, मग पाळकसाहेबांकडे.

"तिघंबी खरं वाटत्यात. देव येकच, ह्येबी खरं वाटतंय. पर ते कसं, ते मला कळत न्हाई, पाळकसाहेब. हितं उभं राहून खोटं न्हाई बोलणार."

मागच्या बाकावरच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. रूथने डोळे मिटून घेतले. पाळकसाहेबांनी मंडळीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग हळूच बाह्या वर सारल्या.

"मलाही नाही कळत, काका. टोपडं काढा बाळाचं."