वाचन कोणी करायचं

चर्चमध्ये मिस्सेची उपासना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. बाईंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"आज राहू द्या. 'ण'ला तुम्ही 'न' म्हणता. लोक हसतात हो."

सगळ्यांसमोर. बायबलमधलं वाचन प्रेमाबद्दलचं होतं. आठवडाभर मी ते कामाच्या गाडीत बसून मोठ्यानं म्हणत होतो.

दोहातल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा, शुक्रवारी, मराठी मिस्सा होते. कोणी काय वाचायचं ते बाई ठरवतात. नवरा मोठा इंजिनिअर, फ्लॅट अल सद्दला, भारी वस्तीत. आदल्या महिन्यात त्यांनी मला हसत हसत विचारलं होतं, "तुमचं मूळ आडनाव काय? म्हणजे, ख्रिस्ती व्हायच्या आधीचं?" मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. त्या 'अच्छा'चा अर्थ मला कागद गेल्यावर कळला.

आम्ही नगर जिल्ह्यातले. आजोबा ख्रिस्ती झाले ते माणसासारखं जगता यावं म्हणून. गाव म्हणालं, मिशन वाटतं त्या दुधाच्या पावडरीसाठी झाले. आई तिशीत अक्षरं शिकली, मिशनच्या मास्तरांच्या ओट्यावर. ओळीखाली बोट ठेवून वाचायची. 'पाणी'ला 'पानी'च वाचायची. देवाला कधी अडचण झाली नाही.

त्या शुक्रवारी मी मागे जाऊन उभा राहिलो. वाचन बाईंच्या मुलीनं केलं. इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेलं. प्रत्येक 'ळ'चा 'ल'. कोणी हसलं नाही.

तेव्हापासून प्रेम हा शब्द ऐकला की मला संशय येतो. कोणी गोड बोललं की वाटतं, आता ह्याला काय पाहिजे?

दोन महिन्यांनी कंपनीनं मला एसी दुरुस्तीला अल सद्दला पाठवलं. दार बाईंनीच उघडलं. माझ्या अंगात युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. ओळखलं नाही.

"भैया, वो अंदरवाला रूम. जूते बाहर."

आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई बसलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. मांडीवर प्रार्थनेचं जुनं पुस्तक. मी एसी उघडला आणि स्वतःशीच पुटपुटलो, "आरं, पानी कुठून गळतंय?"

"मराठी आहेस?" आजी एकदम म्हणाल्या. "वाचता येतं का रे बाबा? नातवंडांना मराठी समजतं, पण वाचता येत नाही."

मला आधी संशयच आला. ह्या घराची आणखी एक चाकरी करायची? पण आजींचं बोट पुस्तकावर फिरत होतं, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर. मी हात धुतले. खाली बसलो. वाचलं. माझ्याच जिभेनं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या.

"सावकाश वाचतोस. कळतं," म्हणाल्या.

दारात बाई उभ्या होत्या. आता ओळखलं. चेहरा आधी उतरला, मग गोड झाला.

"अय्या, तुम्ही! किती छान! दर शुक्रवारी येत जा ना आईंसाठी. प्रेमाची सेवा होईल."

बंद दाराआड माझी जीभ चालते. वेदीवर चालत नाही.

वाटलं, हत्यारं उचलावी आणि निघावं. पण आजींनी माझं काय वाईट केलं होतं?

"येईन," मी म्हणालो. "आजींसाठी. तुमच्यासाठी नाही. आन पुढच्या मिस्सेत वाचन मी करनार."

"ते बघावं लागेल. लिस्ट झालीय."

"मी इचारत नाही, सांगतोय."

"कसलं वाचन?" आजींनी विचारलं. मग मीच सांगितलं. कागद कसा काढून घेतला ते सगळं. सुनेसमोर. आजींनी पुस्तक मिटलं. बाई एसीकडे बघत राहिल्या.

खाली फोरमन घाई करत ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" मी जिन्यातूनच फादरना फोन लावला. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "थोडं समजून घ्या. आपल्यात फूट नको."

हाही आवाज गोडच.

"फूट तर कवाच पडली, फादर," मी म्हणालो. "तुमी नाव लिवा, नायतर नका लिवू. मी येनार."

आता पुढची मिस्सा जवळ आली आहे. आजींकडे मी दर शुक्रवारी जातो, जाणार. प्रेम करायचं हे मी ठरवलंय, कोणी सांगितलं म्हणून नाही. पण मान खाली घालून करणार नाही. त्या दिवशी मी वेदीपाशी उभा राहीन. कोणी सरका म्हणालं, तरी सरकणार नाही.